ताणकाट्याने मोजलेले काळीज

मी एक जुना ताणकाटा आहे. बुलढाण्याच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात, तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत माझी जागा आहे. मित्रांनो, भाजीवाल्याचा काटा तुम्ही पाहिला असेल. तो वस्तूचे वजन सांगतो. वस्तू ओढली तर किती ताणते आणि केव्हा तुटते, ते मी सांगतो. दोन खांब, त्यांवरून वर-खाली सरकणारी एक आडवी पट्टी आणि समोरासमोर दोन जबडे, एवढेच माझे अंग. खालचा जबडा धरून ठेवतो, वरचा ओढतो. वरच्या जबड्यामागे बोटाएवढा धातूचा एक ठोकळा बसवलेला असतो. किती जोर लागला हे त्या ठोकळ्याला कळते. त्याला लोडसेल म्हणतात. जाड वस्तूसाठी मोठा ठोकळा, नाजूक वस्तूसाठी लहान. माझ्या गोष्टीत या लहान ठोकळ्याचे काम बरेच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवले.

माझा जन्म कोइमतूरचा. तिथल्या एका कारखान्यात मला जोडले, हिरवा रंग दिला आणि लाकडी खोक्यात, भाताच्या पेंढ्यात बसवून आमच्या जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत पाठवले. हा कापसाचा मुलूख. गिरणीत रात्रंदिवस सूत निघे आणि दर पाळीला त्याचे नमुने माझ्याकडे येत. रोज तीनशे, कधी चारशे धागे मी तोडत असे. सूत हा सरळ स्वभावाचा पदार्थ. जेवढे ओढाल तेवढे ताणते आणि तुटायच्या वेळी तुटते. त्या दिवसांत मला मान होता. सुताच्या दर्जावरून व्यापारी आणि गिरणीवाले वाद घालू लागले, की कोणीतरी म्हणे, "काट्याले विचारा." मी आकडा सांगे आणि वाद मिटे.

पुढे गिरणी बंद पडली. सहा वर्षे मी कुलपाआड होतो. माझ्या आडव्या पट्टीवर कबुतरांनी दोनदा घरटे केले. मग लिलावात महाविद्यालयाने मला घेतले. इथे वर्षातून दोनदा विद्यार्थी येत, एक तार तोडत, आकडा लिहून घेत आणि जात. उरलेले वर्ष माझ्यावर निळे प्लास्टिक असे. त्याचे मला दुःख झाले असे मी म्हणणार नाही. काट्याला शून्यावर उभे राहायची सवय असते.

एके दिवशी ते प्लास्टिक पद्मजा मॅडमनी काढले. त्या यंत्र विभागात शिकवत. कमी बोलणाऱ्या, चष्मा सारखा वर सरकवणाऱ्या. त्यांच्याबरोबर डॉक्टर निवेदिता होत्या. वैद्यकीय महाविद्यालयात शस्त्रक्रिया करणाऱ्या, वयाने तरुण. खोलीत तिसरे होते तुळशीरामभाऊ, प्रयोगशाळेचे सहायक. ते मोताळ्याचे. त्यांच्या नोकरीला सव्वीस वर्षे झाली होती.

डॉक्टर निवेदितांनी स्टुलावर बसून जे सांगितले, ते असे. त्या नोकरीला लागून आठ महिने झाले होते, तेव्हा धामणगाव बढ्याकडचा गोकुळ नावाचा एक शेतकरी त्यांच्याकडे आणला गेला. बांधावर ट्रॅक्टर उलटला होता. पोटाला मार लागून यकृत फाटले होते. आमच्याकडे यकृताला काळीज म्हणतात. डॉक्टरांनी टाका घातला. दोरा ओढला की तोच काळीज कापत जाई. सैल ठेवला की रक्त थांबत नसे. वरिष्ठ डॉक्टर दुसऱ्या शस्त्रक्रियेत अडकले होते. ते येईपर्यंत गोकुळ गेला.

"मी टाके कशावर शिकले होते? कापडावर आणि संत्र्याच्या सालीवर," त्या म्हणाल्या. "यकृताला दोरा किती ओढायचा हे मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवायला काही नव्हतंच. हुबेहूब तसं वागणारं एखादं रबरी यकृत हवं, मॅडम. त्यावर मुलांनी शंभर वेळा चुकावं."

"बनवता येईल," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "पण आधी खरं यकृत कसं वागतं ते आकड्यांत लागेल. किती ताणतं, कुठे फाटतं. ते इथं मोजू."

तुळशीरामभाऊंनी माझ्याकडे पाहिले. "याच्यावर? यानं त आजवर सूत अन् तार तोडली, मॅडम."

"म्हणून आधी याला शिकवू," त्या म्हणाल्या.

माझे शिक्षण बकऱ्याच्या काळजावर झाले. पहिल्या दिवशी तुळशीरामभाऊ खाटकाकडे गेले आणि काळजाचे बारीक तुकडे घेऊन आले. खाटकाने सवयीने तसे तुकडे केले होते आणि वर दोन लिंबे दिली होती. दुसऱ्या दिवसापासून ते अख्खे काळीज मागू लागले. पण माझे जबडे पडले सुताचे. काळीज धरले की चिरडायचे, सैल धरले की निसटायचे. महिना असा गेला. शेवटी भाऊंनीच उपाय काढला. पॉलिश पेपरचे दोन तुकडे घ्यायचे, काळजाच्या पट्टीची दोन्ही टोके त्यांना चिकटवायची आणि मी पेपर धरायचा, काळीज नाही. मग ते निसटेना.

मित्रांनो, तेव्हा मला कळले की मऊ पदार्थ सुतासारखा सरळ नसतो. काळजाची पट्टी ओढली की सुरुवातीला ती जवळजवळ काहीच विरोध करत नाही. मग एका जागी आल्यावर एकदम घट्ट होते. पहिल्यांदा ओढले तर एक आकडा, दहाव्यांदा ओढले तर दुसरा. म्हणून आधी दहा वेळा हलकेच ओढून सोडायचे आणि मग खरे मोजायचे. ओढून तसेच धरून ठेवले, तर ती हळूहळू स्वतःला ढिली करून घेते. वेगाने ओढली तर जास्त धरते, सावकाश ओढली तर कमी. आणि सुकली की सगळेच बदलते. म्हणून तिच्यावर मिठाच्या पाण्याची धार ठेवावी लागते. अशा पदार्थापुढे काटा अचूक असावा लागतो. मोजणीच्या दिवशी सकाळी भाऊ माझ्या वरच्या जबड्याला दोनशे ग्रॅमचे पितळी वजन टांगत. आकडा दोनशे आला की वहीत 'ठीक' असे लिहीत.

बकऱ्याचे झाले. पण माणसाचे काळीज माणसाकडूनच यायला हवे होते.

रंगराव आले ते आश्विनात. ते गोकुळचे थोरले भाऊ. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवणारे. पासष्टीचे, उंच, उन्हाने काळवंडलेले. सोबत पत्नी गीताबाई. दोघे राजूर घाटातून एसटीने आले होते. डॉक्टर निवेदितांवर त्यांचा राग नव्हता. आपल्या हाताने असा टाका आधी कधी घातला नव्हता, हे डॉक्टरांनी गोकुळच्या घरी जाऊन स्वतः सांगितले होते. त्यावर रंगरावांनी एवढेच विचारले होते, "मंग तुमी शिकान कुठी?" आणि पुढच्या महिन्यात देहदानाचा अर्ज भरला होता.

"जिथं जायचं थे ठिकान एकडाव पाहून घ्यावं म्हनलं," ते तुळशीरामभाऊंना म्हणाले. माझ्याभोवती एक फेरी मारली. जबड्याला बोट लावले. "काय करते हे, भाऊ?"

"ओढते, काका. अन् किती जोर लागला थे सांगते."

"सांगते म्हनजे, बोलते का?"

"आकडा दाखोते."

"बरं हाय. माह्या भावाच्या काळजात टाका टिकला नाही. माह्यात टिकते का, पाहून घ्या." मग ते मॅडमकडे वळले. "पन मले काही घाई नाही हो."

"आम्हालाही नाही, काका," मॅडम म्हणाल्या.

गीताबाई आत आल्या नाहीत. त्या दाराशी उभ्या होत्या. लहान चणीच्या, डोक्यावरून पदर. निघताना त्या पहिल्यांदा बोलल्या. "देह तुमाले देऊन राह्यले. मंग मी अग्नी कायले देऊ?"

पुढे मॅडमनी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीपुढे तो प्रश्न ठेवला. कागद झाले. ठरले ते असे, की देह वैद्यकीय महाविद्यालयात राहील, काळजाचा अर्धा भाग मोजणीसाठी घ्यायचा आणि दुसरा अर्धा नियमाप्रमाणे कडक थंडीच्या पेटीत ठेवून वर्षश्राद्धाच्या आत गीताबाईंना परत द्यायचा. त्या त्याला अग्नी देतील. हे त्यांनी मान्य केले आणि अर्जावर साक्षीदार म्हणून सही केली.

आता जे सांगतो ते माझ्याबद्दलचे सर्वांत वाईट आहे.

पौष महिना होता. महाविद्यालयाची पाहणी करायला बाहेरून पाहुणे आले. ते खोल्या पाहत पाहत माझ्यापुढे थांबले. एकजण म्हणाले, "काहीतरी तोडून दाखवा." माझ्यावर तेव्हा लहान ठोकळा बसवलेला होता, बकऱ्याच्या काळजासाठीचा. तो एक किलोपर्यंतच सोसतो. ठोकळा बदलायला पाव तास लागतो. प्राचार्यांनी घड्याळ पाहिले. तुळशीरामभाऊंनी हाताशी असलेला सुतळीचा तुकडा माझ्या जबड्यात अडकवला आणि बटण दाबले. सुतळी तुटायला सात किलो लागले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या खोलीत गेले.

ठोकळ्याच्या आत एक पातळ पट्टी असते आणि तिच्यावर केसाएवढ्या तारेची जाळी चिकटवलेली असते. त्या दिवशी ती जाळी एका कोपऱ्यात सुटली. बाहेरून काही दिसत नव्हते. भाऊंनी मला शून्यावर आणले. मी शून्य दाखवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वांग्याला पाणी देताना रंगराव शेतात कोसळले ते उठले नाहीत. घरच्यांनी तासाभरात फोन केला. ठरल्याप्रमाणे दुपारी बर्फाच्या डब्यातून अर्धे काळीज माझ्या खोलीत आले. भाऊंनी कपाटातून पितळी वजन काढले होते. मॅडमच्या हातात सुरी होती. त्या पट्ट्या कापत होत्या.

"भाऊ, आज राहू द्या," त्या म्हणाल्या. "कालच तर पाहिलंय. हे मिनिटामिनिटाला सुकतंय."

भाऊंनी वजन परत ठेवले.

वजन न टांगताच त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी मिळून शेहेचाळीस पट्ट्या झाल्या. मी प्रत्येक पट्टी दहा वेळा हलकेच ओढली, मग तुटेपर्यंत ओढली. प्रत्येक वेळी आकडा दाखवला आणि प्रत्येक आकडा कमी होता. कधी थोडा कमी, कधी बराच. मित्रांनो, मला ते ठाऊक नव्हते. काट्याला स्वतःचे वजन करता येत नाही.

आठ दिवसांनी, पुढच्या मोजणीआधी, भाऊंनी पितळी वजन टांगले. आकडा आला एकशे एकाहत्तर. पुन्हा टांगले. एकशे अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यांदा एकशे अडुसष्ट. मग त्यांनी तो ठोकळा काढला, कपाटातला दुसरा बसवला, त्यावर वजन टांगून दोनशे आल्याची खात्री केली आणि वहीत 'ठीक' लिहिले. जुना ठोकळा फडक्यात गुंडाळून खणात ठेवला. सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही ठपका नव्हता. ते कोणाला काही बोलले नाहीत.

मॅडमना आकडे कमी वाटले होते. पण माणसाचे काळीज बकऱ्यापेक्षा नाजूक असेल, असे त्यांनी धरले. त्या आकड्यांबरहुकूम त्या मऊ रबराचे मिश्रण करत राहिल्या. एक घट्ट व्हायचे, एक चिकट राहायचे. कार्तिकात कुठे एक रबरी काळीज तयार झाले. तपकिरी, ओलसर, हातात घेतले की बोटांवरून ओघळल्यासारखे वाटणारे. माझ्या जबड्यात त्याची पट्टी रंगरावांच्या पट्टीइतक्याच आकड्याला तुटली. मॅडम त्या दिवशी स्वतःहून चहा मागवून हसल्या होत्या.

डॉक्टर निवेदिता आल्या. त्यांनी त्यावर एक टाका घातला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही वेळा दोरा फाडत बाहेर आला.

"मॅडम, हे लवकर सोडून देतंय," त्या म्हणाल्या. "खरं यकृत याहून जास्त धरतं. गोकुळ गेल्यापासून चार यकृतं शिवलीत मी, हाताला कळतं. यावर शिकलेला माणूस गाठ सैलच ठेवील. मग रक्त थांबायचं नाही."

"आकडे मी तीन वेळा तपासलेत."

"आकड्यांचं मला कळत नाही."

भाऊ तेव्हा टेबल पुसत होते. ते थांबले. त्यांनी खण उघडला, फडके सोडले आणि तो ठोकळा दोघींच्या मध्ये ठेवला.

"मॅडम, हा तवाच बिघडला व्हता," ते म्हणाले. सुतळीचे सांगितले, पाहुण्यांचे सांगितले, आठ दिवसांनी टांगलेल्या वजनाचे सांगितले. आवाज चढवला नाही की उतरवला नाही. "मले मालूम व्हतं. दहा महिने मालूम व्हतं."

मॅडम ठोकळा हातात घेऊन बसल्या. मग म्हणाल्या, "वजन टांगू नका असं त्या दिवशी मीच म्हणाले होते."

"म्हनलं तुमी. पन मंग लपोलं म्या."

डॉक्टर निवेदितांनी विचारले, "जुने आकडे दुरुस्त नाही होणार? ठरावीक भर घालून?"

"ठरावीक चुकला असता तर झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "हा कधी किती चुकला, ते त्यालाही माहीत नाही. ते शेहेचाळीस आकडे गेले."

उरले होते थंडीच्या पेटीतले अर्धे काळीज. वर्षश्राद्ध पौषात होते. इतकी थंडी सोसलेल्या काळजाची चाल थोडी बदलते. किती बदलते ते बकऱ्याच्या काळजावर ताडून पाहता येणार होते. तेव्हा मोजणी पुन्हा होऊ शकत होती. पण ते अर्धे गीताबाईंचे होते.

मॅडम निरोप पाठवणार होत्या की डॉक्टरांना अडचण आली आहे, तेवढेच. भाऊ म्हणाले, "नाही मॅडम. मले सांगू द्या."

गीताबाई एकट्याच आल्या. या वेळी त्या आत आल्या आणि स्टुलावर बसल्या. पाणी दिले ते त्यांनी हातात धरून ठेवले. भाऊ समोर उभे राहिले आणि सगळे पहिल्यापासून सांगितले. गीताबाईंनी मध्ये एकदाही अडवले नाही.

"म्हनजे थे मोजलं थे वाया गेलं," त्या म्हणाल्या.

"हाव, काकू."

"अन् आता माह्यावालं अर्धं पाहिजे तुमाले."

"हाव."

"चूक कोनाची?"

"माही."

मॅडम काहीतरी बोलू लागल्या. गीताबाईंनी हात वर केला. त्या भाऊंकडेच पाहत होत्या. "तुमी सांगतलं नसतं, त मले समजलं असतं का?"

"नाही, काकू. कोनालेच नसतं समजलं."

"मंग काऊन सांगतलं?"

भाऊंनी टेबलावरच्या रबरी काळजाकडे बोट केले. मग ते म्हणाले, "आता या रबरावर पोरं शिकतीन. हातातली थेच सवय घिऊन कोनाच्या पोटात हात घालतीन. उद्या कोन्या गोकुळचा टाका माह्यापायी सैल राह्यन. थे मले पेलवन नाही."

गीताबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता की नाही, ते मला सांगता येणार नाही. मला तेवढे कळत नाही.

"मले त्यायले अग्नी द्याचा हाय," त्या म्हणाल्या. "दहा-अकरा महिने झाले, मी वाट पाहून राह्यलो का कवा देतो. अख्खं काहीच नाही राह्यन का?"

"पट्ट्या राहतील, काकू," मॅडम म्हणाल्या. "तुटलेल्या. एकही इकडेतिकडे जाऊ देणार नाही. सगळ्या तुम्हाला मिळतील."

"तुकडे."

"हो. तुकडे."

बाहेर कोणत्या तरी वर्गाची घंटा झाली.

"तुकडे त तुकडे," त्या म्हणाल्या. "आगीले काय, सारखंच. पन मोजान तवा मी इथंच बसीन."

समितीचा नवा कागद झाला. बकऱ्याच्या ताज्या आणि गोठवलेल्या काळजांवर आठवडाभर माझे काम चालले. मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी ती पेटी उघडली. भाऊंनी पितळी वजन टांगले. दोनशे. पुन्हा टांगले. दोनशे. तिसऱ्यांदा टांगण्याची गरज नव्हती, तरी टांगले. मग मॅडमनी सुरी हातात घेतली.

दोन दिवस गीताबाई माझ्यापासून चार हातांवर बसून होत्या. जेवायला उठल्या तेवढ्याच. तुटलेली प्रत्येक पट्टी भाऊ स्टीलच्या डब्यात ठेवत, आणि ठेवताना आधी डबा गीताबाईंना दिसेल असा धरत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठून जवळ आल्या.

"मले एक पाहाचं हाय."

मॅडमनी भाऊंकडे पाहिले. भाऊंनी पुढची पट्टी माझ्या जबड्यात दिली, पाण्याची धार सोडली आणि त्यांना उभे राहायला जागा करून दिली.

मी ओढायला सुरुवात केली. पट्टी आधी सहज आली, नेहमीसारखी. आकडा वीसवर रेंगाळला. मग ती घट्ट झाली. साठ. शंभर. एकशे पन्नास. गीताबाई आकड्याकडे पाहत नव्हत्या, पट्टीकडे पाहत होत्या. दोनशे. कडेला एक लहान चीर पडली, तरी ती धरून होती. दोनशे चौतीसला ती सुटली.

"लई धरलं," गीताबाई म्हणाल्या.

त्या परत स्टुलावर जाऊन बसल्या. निघताना डबा त्यांनी स्वतः उचलला. भाऊ घाटाखालपर्यंत सोडायला गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी शेताच्या कडेला अग्नी दिला, त्याला भाऊ हजर होते. त्यांना बोलावले होते. हे मला त्यांनीच मॅडमना सांगताना ऐकून कळले.

नवे रबरी काळीज फाल्गुनात तयार झाले. डॉक्टर निवेदितांनी त्यावर टाका घातला, गाठ बसवली, बोटाने हलवून पाहिली. मग दुसरा घातला. एकूण अकरा घातले आणि एवढेच म्हणाल्या, "हं. असंच असतं." त्यानंतर आजवर चार तुकड्यांतल्या तरुण डॉक्टरांनी त्यावर हात बसवला आहे. पहिल्या दिवशी ते फाडतात, आठवड्याने शिवू लागतात. गेल्या वर्षी डोणगावकडच्या भिमाबाई नावाच्या एका बाईला म्हशीने पोटात लाथ मारली. डॉक्टर निवेदिता गावाला गेल्या होत्या. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरने काळीज शिवले. टाके टिकले. बाराव्या दिवशी भिमाबाई घरी गेल्या. रंगराव कोण, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नाही.

तुळशीरामभाऊंच्या नोकरीच्या कागदात एक ठपका लागला. तो त्यांनी मागून घेतला असे मॅडम म्हणतात. पुढच्या आषाढात ते निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांनी मला तेल दिले, खांब पुसले आणि दिवा बंद करून गेले. मला काही बोलले नाहीत. काट्याशी कोणी बोलत नाही, आणि ते बरोबरच आहे.

आता शेजारच्या टेबलावर एक नवा काटा आला आहे. त्याला पडदा आहे, तो आलेख काढतो आणि त्याचा वेग माझ्या दुप्पट आहे. नाजूक कामे त्याच्याकडे गेली. माझ्याकडे पुन्हा तार आणि सूत येते, तेही कधीमधी. माझ्या एका खांबावर गंज चढू लागला आहे. कोणाच्या लक्षात आले तर बरे, नाही आले तरी माझी तक्रार नाही.

मित्रांनो, माझे एक मागणे मात्र आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. यंत्र खोटे बोलत नाही असे लोक म्हणतात. मी बोललो आहे. शेहेचाळीस वेळा बोललो, आणि मला त्याची खबरही नव्हती. म्हणून मोजणाऱ्यालाही मोजत जा. घाई असेल त्या दिवशी आधी मोजा. आमच्या अंगावर झेपेल तेवढेच टाका, पाहुणे खुश होतील म्हणून जास्त नको. आणि तुमच्या हातून आमचे काही बिघडलेच, तर ते त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. मला दोन जबडे आहेत, पण तोंड नाही. तुम्हाला आहे.